एल्वाकाठची भाषा

हेझल सॅम्प्सन यांचा जन्म १९१० सालच्या मे महिन्यातला. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, ऑलिंपिक पर्वतातून उतरून समुद्राला मिळणाऱ्या एल्वा नदीवर धरण बांधायला घेतलं तेही १९१०मध्येच. हेझलबाई गेल्या ४ फेब्रुवारी २०१४ रोजी, १०३ वर्षांच्या होऊन. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस एल्वावरच्या वरच्या धरणाचा उरलासुरला भाग सुरुंग लावून उडवला आणि नदी उगमापासून मुखापर्यंत मोकळी झाली. एका बाईच्या आयुष्यात एका नदीचा जवळजवळ सगळा बंदिवास मावला.

बाई क्लालम जमातीच्या होत्या. जन्मापासून क्लालम ऐकत, तीच पहिली भाषा म्हणून बोलत वाढलेलं त्या शेवटचं माणूस. ज्या वर्षी नदी सुटली, त्याच वर्षी त्या मुलखाची भाषा आईच्या दुधाबरोबर घेतलेलं कुणी पृथ्वीवर उरलं नाही. हा योगायोग आहे, हे मला कळतं. तरी मन त्याच्यापाशी पुन्हा पुन्हा जाऊन बसतं.

एल्वा लहानशी नदी. लांबी जेमतेम ७२ किलोमीटर. पण तिच्यात पॅसिफिकमधल्या सालमन माशांच्या पाचही जाती चढत. त्यातला चिनूक सालमन इथे शंभर पौंडांपर्यंत, म्हणजे ४५ किलोपर्यंत वाढे, असं जुनी माणसं सांगत आली. सालमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परततो. १९१३मध्ये मुखापासून आठ किलोमीटरवर पहिलं धरण उभं राहिलं. नदी अडवायची तर माशांना वर चढायला वाट ठेवली पाहिजे, असा कायदा वॉशिंग्टन राज्यात तेव्हाही होता. वाट ठेवली नाही. परतलेले मासे खालच्या आठ किलोमीटरांत कोंडले गेले. वरचं शंभर किलोमीटरहून अधिक पाणी, सगळे ओढे, सगळी वाळू त्यांच्यासाठी बंद झाली. १९१२च्या ऑक्टोबरमध्ये बांधकाम चालू असतानाच धरणाचा पाया फुटून लोंढा खाली आला होता. पाया भरून काढून धरण पुरं केलं गेलं. १९२७मध्ये वरच्या अंगाला, ग्लाइन्स कॅन्यनच्या घळईत, ६४ मीटर उंचीचं दुसरं धरण आलं. त्या विजेवर जवळच्या पोर्ट एंजेलिस शहरातल्या कागद गिरण्या चालल्या. आणि क्लालम लोक ज्या खडकावर निर्मात्यानं माणूस घडवला असं मानत, तो खडक खालच्या धरणाच्या पाण्याखाली गेला.

नदीला भिंत घातली तेव्हा भाषेलाही भिंत घातली जात होती. ती भिंत काँक्रीटची नव्हती, म्हणून तिचं छायाचित्र कुठे सापडत नाही. क्लालम मुलांना ओरेगॉनमधल्या चेमावासारख्या सरकारी निवासी शाळांत नेलं जाई. तिथे आपली भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. ही मुलं मोठी झाली, आईबाप झाली. आपल्या लेकरांना तो मार बसू नये म्हणून घरात ती गप्प राहिली. स्वयंपाकघरात दोन म्हाताऱ्या क्लालममध्ये बोलत बसलेल्या, आणि मूल आत आलं की इंग्रजी सुरू. क्लालम ज्या सॅलिश भाषाकुळातली, त्याच्या मुलखातल्या कितीतरी घरांची ही कहाणी आहे. लेकरावरच्या मायेनंच लेकराची भाषा तोडली. असं दुःख कुणावर येऊ नये.

या सॅलिश भाषांच्या व्याकरणात एक गोष्ट आहे, ती मराठी माणसाला चटकन उमगेल. आपण 'मी भांडं फोडलं' म्हणतो आणि 'माझ्याकडून भांडं फुटलं' असंही म्हणतो. केलं आणि झालं यांतला फरक आपल्याला नीट ठाऊक आहे. सॅलिश भाषांत तो क्रियापदाच्या अंगातच असतो. धातूला एक प्रत्यय लागला की कर्त्यानं ते जाणून, ताब्यात ठेवून केलं. दुसरा लागला की ते त्याच्या हातून नकळत घडलं, किंवा मोठ्या खटपटीनं शेवटी जमलं. प्रत्येक कृतीबरोबर माणूस आपल्या ताब्याची कबुली देत बोलतो. त्या गप्प राहिलेल्या आयांचं मौन या दोहोंतल्या कोणत्या प्रत्ययानं सांगता येईल, हे मी ठरवू शकत नाही. शाळा चालवणाऱ्यांच्या कृत्याला कोणता प्रत्यय लागेल, याबद्दल मात्र शंका नाही.

क्लालम ही सॅलिश कुळातली एक. कुळात तेवीस भाषा. उत्तरेला ब्रिटिश कोलंबियाच्या खाडीत एकटी राहणारी नुहाल्क, दक्षिणेला ओरेगॉनच्या किनाऱ्यावर तशीच एकटी टिलामुक. मधल्या समुद्राभोवती कोमॉक्स, पेंटलाच, सेशेल्ट, स्क्वामिश, हाल्कोमेलम, सानिच, क्लालम, नूकसॅक, लशूत्सीद, ट्वाना. डोंगर ओलांडून आत गेलं की लिलुएट, थॉम्प्सन, शुस्वाप, ओकानागन, कूर दालेन, स्पोकेन, आणि पार माँटानाच्या पठारावर ते लोक, ज्यांच्या नावावरून सगळ्या कुळाला सॅलिश म्हणू लागले. नावं म्हणताना मी मुद्दाम सावकाश म्हणतो. एकेकीच्या मागे हजारो वर्षांची वस्ती आहे: देवदाराची लांब घरं, एका ओंडक्यातून कोरलेल्या होड्या, हंगामातल्या पहिल्या सालमनचा सण. लोकर देणारी पाळीव कुत्रीसुद्धा होती. तिच्या केसांच्या घोंगड्या विणत. ती जात एकोणिसाव्या शतकाबरोबर संपली. तिच्यातल्या एका कुत्र्याचं कातडं स्मिथसोनियन संग्रहालयात उरलं आहे.

या भाषांचे आवाज पहिल्यांदा ऐकणारा बावरतो. १८०५मध्ये लुइस आणि क्लार्क हे शोधप्रवासी माँटानात सॅलिश लोकांना भेटले, तेव्हा ही कसली भाषा असावी याचाच त्यांना अचंबा वाटला. घशातून, टाळूमागून, जिभेच्या कडेनं वारा सोडून, अचानक श्वास तोडून हे उच्चार होतात. स्वराच्या आधाराशिवाय व्यंजनाचा उच्चार होत नाही, असं आपण मराठी शाळेत शिकलो. नुहाल्कमध्ये अख्खे शब्द, अख्खी लांब वाक्यं एकाही स्वरावाचून बोलली जातात. लशूत्सीदनं कधीतरी म आणि न हे आवाज सोडून दिले आणि त्यांच्या जागी ब आणि ड बसवले. अनुनासिकं उरली ती काही खास प्रकारच्या बोलण्यात. आणि टिलामुक लोक ओठांचा चंबू न करता, जीभच आत वाटीसारखी वळवून आवाजाला गोलाई देत. टिलामुक बोलणारं शेवटचं माणूस १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गेलं. जगात कुणीतरी तोंडात जीभ अशी वळवत होतं, आणि मग वळवेनासं झालं. शब्दकोशाच्या शोकापेक्षा हा शोक मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो देहाचा आहे.

पेंटलाचचं शेवटचं माणूस १९४०मध्ये गेलं. कोलंबिया नदीकाठच्या मोझेस-कोलंबियन भाषेच्या शेवटच्या अस्खलित वक्त्या पॉलिन स्टेन्सगर २०२३मध्ये गेल्या.

भाषेसमोरची ती भिंत सीमेपलीकडेही होती. शुस्वाप लोकांच्या भूमीवर, कॅनडातल्या कॅमलूप्स गावी, १८९०पासून जवळजवळ नव्वद वर्षं एक निवासी शाळा होती. कॅनडातल्या अशा शाळांत मिळून दीड लाख मुलं घातली गेली, असा तिथल्या सत्य आणि समेट आयोगाचा हिशेब आहे. २०२१च्या मे महिन्यात कॅमलूप्सच्या जुन्या फळबागेत जमिनीखाली सुमारे दोनशे ठिकाणी कबरी असाव्यात असं रडारच्या पाहणीत दिसलं, आणि देश हादरला. शुस्वाप लोकांतल्याच फिलिस वेबस्टॅड १९७३मध्ये, सहा वर्षांच्या असताना, आजीनं घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट घालून दुसऱ्या एका निवासी शाळेत गेल्या. पहिल्याच दिवशी तो अंगावरून उतरवला गेला. परत मिळाला नाही. आज ३० सप्टेंबरला सगळा कॅनडा नारिंगी शर्ट घालतो, तो त्या एका शर्टासाठी.

आता जमिनीबद्दल. १८५५च्या जानेवारीत, चार दिवसांच्या अंतरानं, प्युजेट साउंडच्या किनाऱ्यावर दोन करार झाले. पॉइंट एलियटला लशूत्सीद बोलणारे आणि त्यांच्या उत्तरेकडचे शेजारी होते, पॉइंट नो पॉइंटला क्लालम आणि ट्वाना. गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स इंग्रजीत बोलत. त्याचं चिनूक जार्गनमध्ये रूपांतर होई. ही बाजारात देवघेवीसाठी वापरायची, काहीशे शब्दांची मोडकी बोली. मासे, घोंगड्या, किती, कधी, एवढं तिच्यात चालतं. तिच्यातून लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन कायमची सोडून द्यायला सांगितलं गेलं. त्याच वर्षी जुलैत माँटानातल्या हेलगेटचा करार झाला. तिथे हजर असलेल्या एका जेझुइट पाद्र्यानं नोंदवून ठेवलंय की, जे बोललं गेलं त्याचा दहावा हिस्साही कोणत्याच बाजूला कळला नाही. त्या कराराच्या अर्थावरून चाललेल्या भांडणात बिटररूट खोऱ्यातले सॅलिश लोक छत्तीस वर्षं तग धरून होते. १८९१च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा प्रमुख शार्लो याला आपली माणसं घेऊन उत्तरेला राखीव भूमीवर जावं लागलं.

पॉइंट एलियटच्या करारावर खूण करणाऱ्यांत सिॲटल होता, दुवामिश आणि सुक्वामिश लोकांचा प्रमुख. 'ही पृथ्वी आपली नाही, आपण पृथ्वीचे' अशा अर्थाचं त्याचं म्हणून सांगितलं जाणारं पत्र आपल्याकडे पर्यावरणाच्या शिबिरांत वाचलं जातं, भित्तिपत्रकांवर छापलं जातं. मराठीतही ते आलं आहे. सिॲटल बोलला होता हे खरं, आणि लशूत्सीदमध्ये बोलला होता. तीसहून अधिक वर्षांनी, १८८७मध्ये, हेन्री स्मिथ यांनी ते भाषण म्हणून एक मजकूर वर्तमानपत्रात दिला, तोही नटलेल्या इंग्रजीत. आणि आज जे पत्र म्हणून फिरतं, ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला टेड पेरी या अमेरिकी लेखकानं एका चित्रपटाच्या संहितेसाठी लिहिलं. सिॲटलच्या स्वतःच्या भाषेतलं त्या भाषणातलं एक वाक्यही कुणी लिहून ठेवलं नाही. त्याचा उपदेश जगाला हवा होता. त्याची भाषा कुणालाच नको होती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त सलतं ते हेच. आपणही त्यात आहोत, कारण ते पत्र डोळ्यांत पाणी आणून वाचणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी विचारलं, की तो मूळ कोणत्या भाषेत बोलला?

आज त्याच्या नावाच्या शहराभोवती सामामिश, इसाक्वा, स्नोक्वाल्मी या गावांत कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. सॉफ्टवेअरमधली मुलं-सुना, सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील. ही गावांची नावं त्यांच्या तोंडी रोजची आहेत, टपालाच्या पत्त्यांत, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर. ती सगळी लशूत्सीदमधून आलेली आहेत. दुवामिश लोकांना मात्र अमेरिकेच्या केंद्र सरकारनं आजवर स्वतंत्र जमात म्हणून मान्यता दिलेली नाही.

या काळोखात काही माणसं एकटी बसून काम करत राहिली. सानिच लोकांतला डेव्ह एलियट आधी कोळी, मग शाळेचा राखणदार. मुलांच्या तोंडून भाषा नाहीशी होताना त्यानं पाहिली. त्यानं एक जुना टाइपरायटर घेतला आणि त्याच्या कळांवर जे आहे तेवढ्यातून, मोठ्या लिपीतली अक्षरं आणि त्यांवर मारलेल्या रेघा वापरून, आपल्या भाषेसाठी वर्णमाला रचली. १९७८ साल होतं ते. भाषाशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. आज सानिच शाळेतली मुलं ती अक्षरं गिरवतात. अप्पर स्कॅगिट लोकांतल्या व्हाय हिल्बर्ट पन्नाशीला टेकल्यावर थॉम हेस या भाषाशास्त्रज्ञाकडून आपलीच भाषा लिहायला शिकल्या. १९५०च्या दशकात लिऑन मेटकाफ यांनी म्हाताऱ्यांचे आवाज टेपांवर धरून ठेवले होते. त्या टेपा व्हायबाईंनी पुन्हा पुन्हा ऐकून उतरवल्या, विद्यापीठात लशूत्सीद शिकवली, १९९४च्या लशूत्सीद शब्दकोशावर त्यांचं नाव आहे. २००८मध्ये त्या गेल्या, तेव्हा मागे शिकणारी माणसं होती.

आणि क्लालम? बी चार्ल्स आणि ॲडलिन स्मिथ या दोन आज्या. टिमथी माँट्लर या भाषाशास्त्रज्ञासमोर वर्षानुवर्षं बसून त्यांनी शब्द सांगितले, वाक्यं सांगितली. एकट्या ॲडलिनबाईंनी दिलेले शब्द आणि वाक्यं बारा हजारांच्या घरात. हेझलबाई आणि त्यांचे पती एड यांनीही आपला वाटा घातला. २०१२मध्ये क्लालम शब्दकोश ग्रंथरूपात आला. बी २००९मध्येच गेल्या होत्या. ॲडलिन २०१३मध्ये, हेझल २०१४मध्ये. अगदी काठावर गाठलं म्हणतात, ते असं.

या आज्यांना आणखीही काही पाहायचं होतं. २००३च्या ऑगस्टमध्ये पोर्ट एंजेलिसच्या बंदरात, एका पुलाच्या कामासाठी सुकी गोदी खणताना, जमिनीखालून च्विट्सन हे त्यांचं जुनं गाव वर आलं. सुमारे २७०० वर्षांची वस्ती. घरांच्या खुणा, कोरीव दगड, आणि माणसं. तीनशेहून अधिक सांगाडे निघाले, तेव्हा जमातीनं काम थांबवायला सांगितलं आणि २००४च्या डिसेंबरात ते थांबलं. कोट्यवधी डॉलर ओतलेला प्रकल्प सोडून द्यावा लागला. पूर्वज पुन्हा मातीत ठेवले गेले. एका कागद गिरणीच्या शेजारी ते गाव शांत झोपलेलं होतं, आणि गावकऱ्यांना ते कुठे आहे हे ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग नदी. १९९२मध्ये कायदा झाला, एकोणीस वर्षं वाट पाहिली गेली, २०११च्या सप्टेंबरात यंत्रं धरणाला भिडली. खालचं सरोवर रिकामं होऊ लागलं. २०१२मध्ये गाळातून तो खडक वर आला, टोपल्यांच्या आकाराचे खळगे असलेला, जिथे निर्मात्यानं पहिल्या माणसांना अंघोळ घालून घडवलं. शंभर वर्षं तो फक्त शब्दांत होता. पाहिलेली माणसं संपली, ऐकलेली माणसं म्हातारी झाली, आणि तरी तो जागच्या जागी सापडला, सांगितल्यासारखाच. ही बातमी वाचताना मला जे वाटलं ते शब्दांत नीट मांडता येत नाही. एवढंच म्हणतो की एका भाषेनं एक खडक शंभर वर्षं सांभाळला.

खालचं धरण गेल्यावर काही महिन्यांतच चिनूक सालमन त्या जागेच्या वर पोहोचले. कुणी त्यांना वाट दाखवली नव्हती. साचलेला गाळ मुखाशी येऊन नवा वाळूचा किनारा झाला. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये क्लालम लोकांनी नदी सुटल्यानंतरची पहिली मासेमारी केली, सण आणि घरच्या पोटापुरती, चारशे कोहो सालमनची मर्यादा घालून. या सगळ्या कामाला सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर लागले, आणि ते लागायलाच हवे होते.

भाषेला असे पैसे कुणी दिले नाहीत, आणि दिले असते तरी तेवढ्यानं भागलं नसतं. नदीसमोरची भिंत काढली की पाणी आपलं आपण वाहतं. माशाला अंगातच नदी ठाऊक असते. माणसाच्या अंगात क्लालम नसते. ती रोज कुणीतरी कुणाशी तरी बोलावी लागते, सकाळी उठवताना, रागावताना, पाण्यात पाय घालू नको म्हणताना. शब्दकोशातले हजारो शब्द आणि वाक्यं मुलाला दूध प्यायला बोलावत नाहीत. त्यासाठी एक आई हवी, जिनं स्वतः ती भाषा वहीतून शिकली, आणि जी आपलं अडखळणं लेकरापुढे लपवत नाही.

अशा आया आहेत. पोर्ट एंजेलिसच्या हायस्कुलात क्लालम शिकवली जाते. शहराच्या काही चौकांतल्या पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला क्लालम आलं आहे. नुहाल्क लोकांनी २०१४मध्ये आपलं रेडिओ केंद्र सुरू केलं, आणि स्वरांवाचूनचे ते शब्द आता बेला कूलाच्या खोऱ्यात हवेतून फिरतात. माँटानात आर्ली गावी २००२पासून सॅलिशमधून शिकवणारी शाळा आहे. पेंटलाच भाषा ऐंशी वर्षांच्या शांततेनंतर तिची नातवंडं जुन्या टिपणांवरून पुन्हा शिकू लागली आहेत, त्यांत १८८६मध्ये फ्रान्झ बोआस यांनी लिहून घेतलेले शब्दही आहेत. या मुलांचे उच्चार हेझलबाईंसारखे येणार नाहीत. घशातले काही आवाज सपाट होतील, काही प्रत्यय सुटतील, वाक्याची चाल इंग्रजी होईल. भाषाशास्त्रज्ञ ते नोंदवतील आणि हळहळतील. मीही हळहळतो. पण ती चुकणारी मुलंच आता क्लालम आहेत, आणि त्यांनी केलेल्या चुका पुढे त्यांच्या मुलांना बरोबर वाटतील.

स्पोकेन शहरात २०१०मध्ये एका जोडप्यानं सॅलिश शाळा काढली. बालवाडीपासून मुलं तिथे ओकानागन-कोलव्हिल भाषेत बसतात, खातात, भांडतात, गणितं सोडवतात. शिक्षकांमध्ये जन्मापासून ती बोलणारं जवळजवळ कुणी नाही. बहुतेक सगळे मोठेपणी शिकलेले, आणि अजून शिकणारे. पालकांनीही भाषेच्या वर्गांना बसावं अशी तिथे अपेक्षा असते. दिवसभर कामावर राबून आलेले आईबाप संध्याकाळी मुलांच्याच छोट्या बाकांवर बसतात आणि सकाळी मुलांनी शिकलेलं वाक्य स्वतः म्हणून पाहतात. चुकलं तर घरी गेल्यावर मूल सुधारतं.